लिनक्सवर आवाज गेला किंवा स्क्रीन काळी झाली: दोष कुठे आहे ते शोधण्याची पद्धत

लिनक्स डेस्कटॉपवर आवाज गेला की बरेच जण नेटवर सापडतील त्या आज्ञा एकामागून एक टर्मिनलमध्ये चिकटवत जातात. स्क्रीन काळी झाली तर पेन ड्राइव्ह लावून सगळी सिस्टीम नव्याने टाकतात. दोन्हीची गरज क्वचित पडते. आवाज असो की चित्र, ते चार टप्प्यांतून आपल्यापर्यंत येतं: वायर आणि पोर्ट, कर्नलमधला (सिस्टीमच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, त्याच्यावरचा सर्व्हर (आवाजासाठी पाइपवायर किंवा पल्सऑडिओ, चित्रासाठी वेलँड किंवा एक्सऑर्ग) आणि सर्वांत वर ब्राउझर किंवा प्लेअर. दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी ठरवायचं आणि मगच काही बदलायचं. एका वेळी एकच बदल करा आणि तो कागदावर लिहून ठेवा, म्हणजे उपयोग झाला नाही तर मागे घेता येतो.

इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायच्या. रिकामी जागा, डॅश आणि तिरकी रेघ दिली आहे तशीच ठेवा. पायऱ्या उबुंटू, मिंट आणि डेबियन या डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे प्रकार) डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

आवाज: बंद आहे की दुसरीकडे जातोय?

डेस्कटॉपवरची सर्वांत नेहमीची तक्रार ही की काल आवाज होता, आज नाही. अशा वेळी आवाज बहुतेकदा चालूच असतो, फक्त भलत्या ठिकाणी जात असतो. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टने मॉनिटर लावला की ग्राफिक्स चिप स्वतःला आणखी एक साउंड कार्ड म्हणून दाखवते. सिस्टीम त्यालाच मुख्य आउटपुट मानून बसते, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. सेटिंग्जमधल्या साउंड विभागात आउटपुट बदलून पाहा. मागच्या हिरव्या जॅकला स्पीकर लावले असतील तर नावात ‘अ‍ॅनालॉग’ किंवा ‘लाइन आउट’ असलेलं आउटपुट हवं. मॉनिटर व्हीजीएने जोडला असेल आणि आवाज त्याच्या स्पीकरमधून हवा असेल, तर वेगळी ऑडिओ वायर लागतेच. व्हीजीएतून आवाज जात नाही.

एवढ्याने जमलं नाही तर पीएव्हीयूकंट्रोल हे छोटं ॲप टाका (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने):

सुडो एपीटी इन्स्टॉल पीएव्हीयूकंट्रोल

गाणं चालू ठेवून त्यातला ‘प्लेबॅक’ टॅब उघडा. ॲपच्या नावाखाली एक पट्टी असते. ती गाण्याच्या तालावर हलत असेल तर प्लेअर आणि साउंड सर्व्हर दोन्ही ठीक आहेत, दोष त्यांच्या खाली आहे: चुकीचं आउटपुट, म्यूट किंवा वायर. पट्टी हलत नसेल किंवा ॲपचं नावच दिसत नसेल तर दोष ॲपमध्ये आहे, मग ब्राउझरच्या त्या टॅबवर म्यूटची खूण आहे का ते पाहा. दहा सेकंदांची ही तपासणी अर्धा तास वाचवते. त्याच ॲपच्या ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये प्रत्येक कार्डाचा प्रोफाइल दिसतो. मदरबोर्डच्या कार्डाला ‘अ‍ॅनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स’ द्या. मॉनिटरमधून आवाज कधीच नको असेल तर एचडीएमआयच्या कार्डाला ‘ऑफ’ करा, म्हणजे ते पुन्हा मधे येणार नाही.

आता त्याखालचा थर. टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ लिहा आणि उघडल्यावर एफ६ दाबून खरं कार्ड निवडा. हे विसरू नका, कारण सुरुवातीला जो एकच पट्टा दिसतो तो सर्व्हरचा असतो. प्रत्येक पट्ट्याच्या तळाशी ‘एमएम’ दिसलं तर तो म्यूट आहे, ‘००’ दिसलं तर उघडा. बाणाने पट्ट्यावर जाऊन एम दाबला की म्यूट निघतो. मास्टर, फ्रंट, हेडफोन, लाइन आउट हे सगळे तपासा. उजवीकडे सरकत गेलात की ‘ऑटो-म्यूट मोड’ सापडेल. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये हेडफोन आहे असं मदरबोर्डला वाटलं की हा मोड मागचे स्पीकर गप्प करतो. धुळीने किंवा सैल पत्रीमुळे पुढचा जॅक अडकलेला असला तर हेडफोन नसतानाही हेच होतं. हा मोड ‘डिसेबल्ड’ करून आवाज आला तर रोग पुढच्या जॅकमध्ये आहे. सेटिंग टिकवायला ‘सुडो अल्साकंट्रोल स्टोअर’ चालवा. मूळ आज्ञेत ‘कंट्रोल’च्या जागी फक्त सीटीएल ही तीन अक्षरं आहेत.

शेवटी खात्रीसाठी:

स्पीकर-टेस्ट -सी २ -टी वेव्ह

इथे वेव्ह म्हणजे डब्ल्यू, ए, व्ही ही तीन अक्षरं. ‘फ्रंट लेफ्ट’, ‘फ्रंट राइट’ असा आवाज आळीपाळीने यायला हवा. एकच बाजू बोलत असेल तर जॅक अर्धवट बसला आहे किंवा वायर तुटली आहे. थांबवायला कंट्रोल आणि सी.

आउटपुटमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ दिसतं तेव्हा

सर्व्हरला एकही कार्ड सापडलं नाही, एवढाच याचा अर्थ. आधी कर्नलला कार्ड दिसतंय का ते पाहा:

एप्ले -एल

(एप्ले म्हणजे ए, पी, एल, ए, वाय; -एल मधलं अक्षर इंग्रजी लहान एल आहे, एक हा आकडा नव्हे.) कार्डांची यादी आली तर ड्रायव्हर ठीक आहे, अडलाय तो सर्व्हर. तो पुन्हा सुरू करायला:

सिस्टमसीटीएल --यूझर रिस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर

ही आज्ञा सुडोशिवाय द्यायची, कारण हा सर्व्हर तुमच्या लॉगिनखाली चालतो. उबुंटू २२.१०, डेबियन १२ (ग्नोम डेस्कटॉप) आणि मिंट २२ पासून पाइपवायर मूळचाच येतो. उबुंटू २२.०४ किंवा मिंट २१ वर अजून पल्सऑडिओ असतो, तिथे ‘पल्सऑडिओ -के’ दिलं की तो बंद पडून आपोआप पुन्हा उठतो. तुमच्याकडे कोणता आहे ते ‘पॅक्टल इन्फो’ सांगते (पीएसीटीएल अशी अक्षरं). सर्व्हरच्या नावाच्या ओळीत कंसात पाइपवायर लिहिलं असेल तर पाइपवायर. रिस्टार्ट करूनही जुनीच चुकीची निवड परत येत असेल तर होम फोल्डरमधल्या .लोकल/स्टेट खालचा वायरप्लंबर नावाचा फोल्डर शोधा. तो पुसू नका, नाव बदलून ठेवा आणि लॉगआउट करून परत या. लक्षात ठेवलेली सगळी आउटपुटं आणि व्हॉल्यूम नव्याने ठरतात.

‘एप्ले’ने एकही कार्ड दाखवलं नाही तर ‘एलएसपीसीआय -के’ चालवा आणि ‘ऑडिओ’ शब्द असलेली ओळ शोधा. ओळच नसेल तर बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ बंद आहे किंवा चिप गेली आहे. ओळ आहे, पण तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ नाही, तर ड्रायव्हर चढलेला नाही. बहुतेक डेस्कटॉपवर तिथे एसएनडी_एचडीए_इंटेल हे नाव हवं. नावात इंटेल असलं तरी एएमडीच्या बोर्डांवरही हाच ड्रायव्हर असतो. विंडोज शेजारीच टाकलेलं असेल आणि आवाज फक्त विंडोजमधून आल्यानंतर जात असेल, तर विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. मग मशीन पूर्ण बंद करून मागची पॉवर वायर अर्धा मिनिट काढून ठेवा. चिप अर्धवट झोपेच्या अवस्थेत राहिलेली असते, ती त्याने मोकळी होते.

टकटक, घुंघुं आणि अर्थिंग

काही सेकंद शांत राहून पुन्हा आवाज सुरू होताना ‘टक्’ होत असेल, तर चिप वीज वाचवायला झोपते आहे. /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये .कॉन्फ शेवट असलेली एक फाइल करून तिच्यात एक ओळ लिहा:

ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०

आणि मशीन रिस्टार्ट करा.

सतत चालणारी घुंघुं मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने जात नाही. ती ५० हर्ट्‌झची, म्हणजे विजेची असते. स्पीकरची वायर कॉम्प्युटरमधून काढून मोबाइलला लावा. तिथे स्वच्छ आवाज आला तर दोष कॉम्प्युटरच्या जोडणीत आहे. मग डिशची वायर किंवा टीव्ही अशी दुसऱ्या बोर्डावरची एकेक जोडणी काढून पाहा, कारण दोन वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली उपकरणं एकमेकांना जोडली की हीच घुंघुं येते. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घेतली की ती बहुतेकदा थांबते.

नागपुरात याची दुसरी बाजू उन्हाळ्यात दिसते. एप्रिल-मे महिन्यांत काळी माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थ नावापुरतं उरतं. त्याची खूण अशी की कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ तुटलं की पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, चढतो. करंट अगदी थोडा असतो, पण तो ऑडिओ जॅक आणि एचडीएमआयच्या वायरीतून वाट शोधतो. अशा वेळी वायरमन बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहणं हा स्वस्त आणि खरा उपाय आहे. प्लगची अर्थची पिन कापून घुंघुं घालवायचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. त्याने जिवाला धोका होतो.

कूलर सुरू करताना किंवा बंद करताना स्क्रीन एक-दोन सेकंद काळी होऊन परत येत असेल तर तेही याच कुळातलं. कूलरच्या पंख्याची आणि पंपाची मोटर बंद-चालू होताना लाइनवर झटका सोडते. तो पातळ एचडीएमआय वायरीत शिरला की मॉनिटर सिग्नल सोडून पुन्हा पकडतो. कॉम्प्युटर आणि मॉनिटर कूलरच्या बोर्डावरून हलवा आणि एचडीएमआय वायर जाड, शिल्डेड, दीड-दोन मीटरपेक्षा लांब नसलेली घ्या. लिनक्सचा ड्रायव्हर बदलून यात काही साधत नाही.

पुढच्या जॅकमधून आवाज येतो पण हेडफोन लावल्या-काढल्याचं सिस्टीमला कळत नसेल, तर कॅबिनेट उघडून पुढच्या पॅनेलची वायर पाहा. जुन्या कॅबिनेटमध्ये तिला दोन टोकं असतात, एकावर ‘एचडी ऑडिओ’ आणि दुसऱ्यावर ‘एसी९७’. मदरबोर्डवर एचडी ऑडिओचं टोक हवं. तिथे दोन रांगांत नऊ पिना असतात आणि एका पिनेची जागा रिकामी असते, त्यामुळे उलटं बसत नाही. मोबाइलचा माइकवाला हेडफोन डेस्कटॉपवर लावून माइक चालत नाही, ही तक्रार यापेक्षा वेगळी. त्याच्या पिनेवर चार पट्टे असतात आणि डेस्कटॉपचे गुलाबी-हिरवे जॅक तीन पट्ट्यांचे. एका पिनेचे दोन करणारा स्प्लिटर नागपुरात सीताबर्डीच्या कोणत्याही मोबाइल-ॲक्सेसरीच्या दुकानात मागा, मात्र ‘माइक आणि ऑडिओ वेगळा करणारा’ असं स्पष्ट सांगा. दोन हेडफोन लावायचा स्प्लिटर तसाच दिसतो आणि इथे त्याचा उपयोग नाही.

ब्लूटूथ हेडफोनचा आवाज मीटिंग सुरू होताच टेलिफोनसारखा होतो, तो बिघाड नाही. माइक चालू झाला की हेडफोन ए२डीपी (गाण्यांसाठीचा चांगल्या आवाजाचा प्रोफाइल) सोडून हँड्सफ्री प्रोफाइलवर जातो. इनपुट म्हणून दुसरा माइक निवडा, आवाज पूर्ववत होईल.

स्क्रीन: काळी नेमकी कधी होते?

बटण दाबल्यावर कंपनीचा लोगोही येत नसेल, तर लिनक्स अजून सुरूच झालेलं नाही. रॅम काढून तिची पिवळी पट्टी खोडरबराने हलकेच पुसा, रॅम पुन्हा नीट बसवा. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डात लावली आहे की चुकून मदरबोर्डच्या पोर्टात, ते पाहा. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतंच आणि मदरबोर्डचा एचडीएमआय पोर्ट कायम गप्प राहतो. ऑफिसातून निघालेले जुने डेस्कटॉप आता बरेच जण घेतात. त्यांतल्या कित्येकांत डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीएच असतं, एचडीएमआय नसतं. डिस्प्लेपोर्ट-ते-एचडीएमआय वायर एकाच दिशेने चालते: कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलट लावून चालत नाही.

लोगो येतो, ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू येतो आणि मग काळं होतं, तर तो ड्रायव्हरचा प्रश्न. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. अक्षरांचा लॉगिन दिसला तर सिस्टीम जिवंत आहे, फक्त चित्र काढणारा भाग पडलाय. काहीच दिसलं नाही तर रिस्टार्ट करून ग्रब उघडा: यूईएफआय मशीनवर लोगोनंतर एस्केप एकदाच दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा. पहिल्या ओळीवर ई दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’ सापडेल. त्याच्यापुढे जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो.

नोमोडसेटने ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बाजूला राहतो आणि साधं चित्र दिसतं. ही तात्पुरती काठी आहे. ती कायमची ठेवून दिली तर रिझोल्यूशन अडकतं, व्हिडिओ अडखळतो आणि एचडीएमआयमधला आवाजही नाहीसा होतो, कारण तो आवाज ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवरच अवलंबून असतो. चित्र कसंबसं दिसतंय आणि एचडीएमआयचा आवाज नाही, अशा दोन तक्रारी एकत्र असतील तर आधी इथे पाहा. एकदा डेस्कटॉप दिसला की मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ किंवा उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडून ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर टाका.

एनव्हिडियाच्या कार्डावर इथेच सर्वाधिक लोक अडकतात. सिक्युअर बूट (फक्त ओळखीचे, सही असलेलेच ड्रायव्हर आत घेणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागितला जातो. पुढच्या रिस्टार्टला निळी स्क्रीन येते, ती काही सेकंदच थांबते. त्यात ‘एन्रोल एमओके’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ती स्क्रीन हुकली की ड्रायव्हर टाकलेला असतो पण कर्नल त्याला आत घेत नाही, आणि ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा ड्रायव्हरशी बोलता येत नाही असं सांगते. ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’ने सिक्युअर बूट चालू आहे का ते कळतं. ड्रायव्हर पुन्हा टाका आणि या वेळी निळ्या स्क्रीनसमोर बसून राहा. कर्नल अपडेटनंतर काळं झालं असेल तर ग्रबमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. त्यावर चित्र आलं तर बहुधा नव्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइल) नाहीत म्हणून ड्रायव्हर त्याच्यासाठी तयार झालेला नाही, असं समजा. जीटी ७१० सारख्या जुन्या कार्डांना ४७० क्रमांकाची ड्रायव्हर मालिकाच शेवटची, आणि एनव्हिडियाने तिची देखभाल थांबवली आहे. साध्या कामाला अशा कार्डावर मुक्त नूवो ड्रायव्हरच ठेवा, रोजची कटकट वाचते.

चित्र आहे, पण १०२४ बाय ७६८ वरच अडकलंय

प्रत्येक मॉनिटरमध्ये स्वतःची माहिती देणारा एक छोटा मजकूर साठवलेला असतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. कॉम्प्युटर तो वाचूनच रिझोल्यूशन ठरवतो. तो पोहोचला का ते पाहायला:

डब्ल्यूसी -सी /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड*-*/ईडीआयडी

मॉनिटर लावलेल्या पोर्टासमोर १२८ किंवा २५६ आकडा हवा. शून्य आला तर माहिती वाटेतच हरवली. व्हीजीए वायरीत हे फार घडतं. ही माहिती पिन १२ आणि १५ वरून येते, आणि स्वस्त वायरीत या पिना नसतात किंवा वाकून आत गेलेल्या असतात. दोन्ही टोकं उजेडात धरून पिना मोजा. पिन ९ ची जागा रिकामी असणं चालतं, १२ आणि १५ हव्यातच. वायर बदलणं हाच खरा उपाय.

वायर मिळेपर्यंत चित्र नीट करायचं असेल तर आधी ‘एको $एक्सडीजी_सेशन_टाइप’ने पाहा ($ नंतरची सगळी मोठी अक्षरं, मधे खालची रेघ). उत्तर ‘एक्स११’ आलं तर ‘सीव्हीटी १९२० १०८० ६०’ चालवा. आलेल्या मोडलाइनमधला ‘मोडलाइन’ शब्द सोडून उरलेलं सगळं ‘एक्सरँडर --न्यूमोड’पुढे चिकटवा (एक्सरँडर म्हणजे एक्स, आर, ए, एन, डी, आर). मग ‘--अ‍ॅडमोड’, पोर्टाचं नाव आणि मोडचं नाव देऊन तो जोडा, आणि ‘--आउटपुट’ व ‘--मोड’ने लावा. हे लॉगआउटनंतर पुसलं जातं. उत्तर ‘वेलँड’ आलं तर एक्सरँडरचा उपयोग नाही. तिथे /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब फाइलमध्ये ‘क्वाएट स्प्लॅश’पुढे असं लिहा:

व्हिडिओ=व्हीजीए-१:१९२०x१०८०@६०

मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ आणि रिस्टार्ट. पोर्टाचं नाव वरच्या डीआरएम फोल्डरमध्ये आहे तेच, मोठ्या अक्षरांसकट, पण सुरुवातीचं कार्ड आणि आकडा सोडून घ्या. एक्सरँडरमध्ये एचडीएमआय-१ असलेला पोर्ट इथे एचडीएमआय-ए-१ असतो, आणि या एका अक्षरामुळे ओळ निकामी ठरते.

टीव्ही मॉनिटर म्हणून लावला आणि कडा कापल्या गेल्या तर सेटिंग टीव्हीतच आहे. चित्राच्या आकारात ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा.

तरीही सापडत नसेल तर

पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या डिस्ट्रोचं लाइव्ह सत्र चालवा, काहीही न टाकता. तिथे आवाज आणि चित्र ठीक असेल तर हार्डवेअर शाबूत आहे आणि दोष तुमच्या सेटिंगमध्ये आहे. कोणाला विचारायचं झालं तर ‘इन्क्सी -एजी’चं उत्तर (आज्ञा आय, एन, एक्स, आय; नंतरची दोन अक्षरं मोठी) आणि ‘जर्नलसीटीएल -बी -पी ३’च्या ओळी सोबत द्या. त्याशिवाय समोरचा फक्त अंदाज बांधू शकतो.

लाइव्ह सत्रातही आवाज नसेल आणि ‘एलएसपीसीआय’मध्ये ऑडिओची ओळ नाहीशी झाली असेल, तर चिप गेली असं धरून चाला. जूनमधल्या पहिल्या वादळी पावसानंतर असे बोर्ड बरेच निघतात. त्यासाठी मदरबोर्ड बदलू नका. साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या, त्याला लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मागच्या यूएसबी पोर्टात लावा, आउटपुटमध्ये ‘यूएसबी ऑडिओ’ निवडा आणि अल्सामिक्सरमध्ये एफ६ने त्याच कार्डाचा आवाज वाढवा, कारण काही कार्डं पहिल्यांदा लावली की आवाज अगदी कमी ठेवूनच सुरू होतात.